गळ टाकण्याआधी पारा बघा

जुलै उजाडला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक चौकट रोज येते. कोयना इतके टीएमसी, उजनी इतके टक्के, खडकवासल्यातून इतक्या क्युसेकने विसर्ग. त्या चौकटीतले आकडे गोळा करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. पाटबंधारे खात्यात ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हापासून भर पावसात, रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात गेजपट्टी वाचली आहे. कोयनेची १०५.२५ टीएमसी ही क्षमता मला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा चांगली पाठ आहे. पण एवढ्या वर्षांत प्रश्न एकच असायचा: पाणी किती? पाणी किती गरम आहे, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. माझ्या रजिस्टरला तो रकानाच नव्हता.

त्या रकान्याची किंमत मला कळली ती २०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, हिमाचलातल्या तीर्थन नदीत, गुडघाभर पाण्यात उभा असताना. दीड वीत लांबीचा एक मासा माझ्या हातात मेला आणि दोष सर्वस्वी माझा होता.

मी मूळचा कऱ्हाडचा. प्रीतिसंगमावर बांबूची काठी आणि गांडूळ घेऊन वाम धरण्यात आमचं लहानपण गेलं. निवृत्त झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्याने फ्लाय फिशिंगची गोडी लावली. आपल्या नेहमीच्या गळाला आमिषाचं किंवा शिशाचं वजन असतं, त्या वजनाने दोरा लांब जातो. इथे आमिष म्हणजे पीस आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेला किडा. त्याला वजन कसलं असणार? म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. चाबूक ओढावा तशी दोरी हवेत मागेपुढे खेळवायची आणि टोकाची ती माशी पाण्यावर अशी ठेवायची, की आत्ताच पंख मिटून बसली आहे असं माशाला वाटावं. मासा आणि माशी या दोन शब्दांत आपल्याकडे एका अक्षराचं अंतर. ते कापायला मला दोन उन्हाळे लागले. पहिल्या वर्षी माझ्या गळाला जेवढी अल्डरची झाडं लागली, तेवढे मासे आजवर लागलेले नाहीत.

तेव्हापासून कोरोनाची दोन वर्षं सोडली तर दर उन्हाळ्यात मी तीर्थनला जातो. मनालीच्या वाटेवर औटचा बोगदा लागतो. गाड्यांची रांग त्यात शिरते आणि आपण त्याच्या अलीकडून उजवीकडे वळायचं. लारजीला तीर्थन आणि सैंज ब्यास नदीला मिळतात. तिथून वर बंजार आणि त्यापुढे गुशैणी. गुशैणीची उंची दीड हजार मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा थोडीशी जास्त. पण पाणी पूर्ण वेगळ्या जातीचं. ते ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फातून येतं. २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेलं हेच ते उद्यान.

या पाण्यातला ब्राऊन ट्राउट हा पाहुणा आहे. फ्रँक मिचेल नावाच्या ब्रिटिश गालिचा-व्यापाऱ्याने १९०० साली स्कॉटलंडहून बर्फात घालून आणलेली अंडी काश्मीरमध्ये हरवनला उबवली. तिथून हा मासा १९०९ च्या सुमाराला कुलू भागात आला. महिली इथे पहिली हॅचरी झाली आणि आजूबाजूच्या नद्यांत पिल्लं सोडली गेली. शंभराहून अधिक वर्षांत तो इथलाच होऊन गेला. हिवाळ्यात तो स्वतःहून अंडी घालतो, म्हणून हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. म्हणजे विणीच्या काळात त्याला सरकारने कायद्याचं कवच दिलेलं आहे. माझं म्हणणं उन्हाळ्याबद्दल आहे. उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर कुणाचंच छत्र नाही.

बर्फाच्या नदीचा दिवस कसा असतो, ते आधी सांगतो. इंजिनिअरची खोड जात नाही, म्हणून २०१९ च्या मे महिन्यात मी एका दगडाच्या आडोशाला काठी रोवून तिच्यावर खुणा केल्या होत्या. वरचं बर्फ दुपारच्या उन्हात वितळतं, पण ते पाणी खाली दरीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. त्यामुळे पहाटे नदी सर्वात खाली आणि सर्वात नितळ, तर दिवेलागणीला फुगलेली आणि किंचित दुधाळ. त्या वर्षी हिवाळ्यात हिमाचलात भरपूर बर्फ पडलं होतं. माझ्या काठीवर संध्याकाळी पाणी चार बोटं चढायचं, आणि पाणी इतकं गार की दहा मिनिटांत पोटऱ्या बधिर. बाहेर येऊन उन्हातल्या दगडावर पाय शेकायचे, पुन्हा आत जायचं.

२०२४ चं वर्ष वेगळं होतं. त्या जानेवारीत गुलमर्गच्या उघड्या-बोडक्या उतारांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. हिमाचलातही जानेवारी जवळजवळ कोरडाच गेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ आलं, पण उशिरा पडलेलं बर्फ मुरत नाही. थर घट्ट बसायच्या आत उन्हं तापतात आणि ते लवकर वाहून जातं. मेअखेरीला दिल्लीचा पारा पन्नाशीकडे निघाला होता. मी जूनमध्ये पोचलो, जुन्याच जागी काठी रोवली. संध्याकाळची चढ एक बोट, तीही ओढूनताणून. आणि पाण्यात अर्धा तास उभा राहिलो तरी पाय बधिर होईनात. मी खूश! या वयात सांध्यांना बरं वाटलं. आपल्याला सोसतंय, तेच माशाला सोसत नसेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी मी बंजारच्या खालच्या अंगाला गेलो होतो. तिथे दरी रुंदावते, झाडं काठापासून दूर जातात आणि दगडांवरून पाणी पसरट वाहतं. दुपारचा दीड वाजला होता. एका शिळेच्या सावलीत मासा दिसला, तिसऱ्या फेकीला त्याने माशी घेतली. टोकाचा धागा बारीक होता, तुटायला नको म्हणून मी त्याला सैल सोडत, ओढत चारपाच मिनिटं खेळवला. हातात आला तेव्हा पिवळसर अंगावर काळे ठिपके, मधूनमधून लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ. असा मासा हातात आल्यावर माणूस काय करतो? फोटो काढतो. सोबतच्या मित्राने तीन काढले, मग म्हणाला, ऊन डोळ्यावर येतंय, जरा वळ. माझे हात कोरडे होते. कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि रोगाला दार उघडं होतं, हे मला माहीत होतं. फोटोच्या नादात तेही विसरलो.

मग मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं. कल्ले उघडले, मिटले. पुन्हा उघडले. हात सोडला तर तो हळूच कलला आणि पोट वर करून वाहायला लागला. धावत जाऊन परत धरला. दहा मिनिटं मी त्या माशाला सलाइन लावल्यासारखा धरून वाकून उभा होतो. शेवटी कल्ल्यांची हालचाल थांबली.

संध्याकाळी आमच्या यजमानांना सांगितलं. ते जन्माने तिथलेच. माशी बांधायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं आणि एवढंच म्हणाले, "साहब जी, दोपहर में मछली को भी आराम चाहिए।" मी विचारलं, पाणी किती गरम असेल? घरात ताप बघायचा थर्मामीटर होता, पण तो पस्तिशीच्या पुढे सुरू होतो. नदीला पस्तीस अंश ताप येईपर्यंत थांबलो, तर बघायला मासाच उरणार नाही.

घरी आल्यावर वाचलं, आणि हिशोब आमच्याच धंद्यातला निघाला: जमा आणि खर्च. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअस पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २० अंशांना ९. दीड हजार मीटर उंचीवर हवाच विरळ, त्यामुळे त्यातलाही साधारण सहावा भाग कमी होतो. ही झाली जमेची बाजू. खर्चाची उलटी. माशाचं शरीर पाण्याच्याच तापमानाला असतं; पाणी तापलं की त्याची चयापचयाची चक्की जोरात फिरते आणि प्राणवायूची गरज वाढते. जमा घटते, खर्च वाढतो. ब्राऊन ट्राउट साधारण १९-२० अंशांच्या पुढे खाणं कमी करतो, दगडाखाली गप्प बसतो. पंचवीसच्या आसपास तो जगतच नाही. अशा काठावर जगणाऱ्या जिवाला आपण गळाला लावून पाच मिनिटं पळवलं, वर अर्धा मिनिट पाण्याबाहेर धरलं, तर ते कर्जबाजारी माणसाकडून लग्नाची पंगत वसूल करण्यासारखं आहे.

२०२५ च्या मे महिन्यात नातीच्या शाळेच्या प्रयोगाच्या पेटीतला काचेचा थर्मामीटर घेऊन गेलो. दोरीला बांधून पाण्यात सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, सावलीत वाचायचा. गुशैणीला पहाटे सहाला दहा अंश, दुपारी दोनला पंधरा. खाली लारजीच्या बाजूला दुपारी अठरा. वीसचा आकडा मी तीर्थनमध्ये पाहिलेला नाही, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण घबराट पसरवणं हा माझा हेतू नाही. गुशैणीचा मासा आज ठीक आहे. पण पूररेषा आम्ही पाणी घरात शिरल्यावर आखत नसू.

जिथे पाणी घरात शिरलं, तिथे काय करतात ते पाहा. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, रॉकी पर्वताच्या नद्यांवर, एक नियम आहे. पाणी सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३ सेल्सिअसला पोचलं, की त्या नदीच्या पट्ट्यात दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते. सकाळी खुशाल धरा. या नियमाला तिथे 'हूट आऊल' म्हणतात. सुक्या उन्हाळ्यात जंगलाला वणवा लागू नये म्हणून लाकूडतोडे घुबडं घुमत असतानाच कामाला लागायचे आणि ऊन चढायच्या आत थांबायचे, त्यावरून हे नाव. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या यलोस्टोन नदीत एका परजीवी रोगाने व्हाइटफिश जातीचे मासे हजारोंनी मेले. उथळ आणि गरम पाण्याने रोगाला हात दिला. तेव्हा सरकारने नदीचा १८३ मैलांचा पट्टा माणसांना बंद केला. मासेमारीच काय, होडीदेखील नाही. ऐन पर्यटनाच्या हंगामात.

आपल्याकडे अशी वेळ यायची वाट का पाहायची? मला तीन साध्या गोष्टी सुचतात आणि त्यांतल्या एकीलाही मोठं टेंडर लागत नाही.

पहिली: मत्स्य विभागाच्या परवान्यावर एक ओळ छापावी. मे-जूनमध्ये दुपारी बारा ते पाच मासेमारी बंद, आणि पाणी अठरा अंशांच्या वर असेल तर दिवसभर बंद. अठराच का? कारण वीसच्या आसपास मासा खाणं कमी करतो, आणि धोक्याच्या पातळीच्या आधी इशारा पातळी असते, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुसरी: लारजी, बंजार आणि गुशैणी इथल्या पुलांवर एकेक थर्मामीटर आणि एकेक फळा. सकाळ-दुपार आकडा खडूने लिहायचा. शाळेतली मुलं हे काम आनंदाने करतील. दहा वर्षांचे फळे एका वहीत उतरवले, तर आज कुणाकडे नसलेला हिशोब त्या दरीच्या हाती येईल.

तिसरी आपल्यासाठी आहे. उन्हाळ्याच्या सुटीत हिमाचलात मराठी कानावर पडत नाही असं गाव विरळा. बंजार-जिभीच्या बाजूला तर आता पुण्या-नाशिकच्या पाट्यांच्या गाड्या रांगेने असतात. ढाब्यावर बसल्यावर "नदीतला ताजा ट्राउट मिळेल का?" हे विचारणं थांबवा. शेततळ्यातला रेनबो ट्राउट मागा. पतलीकुहलच्या सरकारी फार्मवर नॉर्वेच्या मदतीने ही शेती रुजली आणि आज अनेक कुटुंबं त्यावर जगतात. ताटात फरक पडत नाही, नदीत पडतो.

यावर जे आक्षेप येतात ते मला पाठ आहेत. पहिला: हा तर इंग्रजांचा मासा, गोऱ्या साहेबाचा शौक, मेला तर काय बिघडलं? बिघडतं, कारण त्याच पाण्यात इथला मूळचा गुगली मासा राहतो. पाहुण्याने त्याची जागा बरीच खाल्ली, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण गुगलीलाही हेच गार पाणी हवं असतं. दुसरा: दुपार बंद केली तर होमस्टेवाल्यांनी काय खायचं? तीर्थनवरचे नियोजित जलविद्युत प्रकल्प बंजारचे माजी आमदार दिले राम शबाब आणि गावकऱ्यांनी लढून रद्द करून घेतले, म्हणूनच आज ही नदी मोकळी वाहते आणि होमस्टे भरतात. शेजारच्या सैंजवर धरण आणि बोगदे आहेत. ज्या दरीने वीज नाकारून नदी राखली, ती दुपारचे पाच तास नक्की राखील. तसाही तापलेल्या दुपारी मासा कमीच खातो. खरं गिऱ्हाईक पहाटेच उठतं.

तिसरा आक्षेप माझ्या बायकोचा आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ती म्हणते, "खायचा नाही, तर धरायचा कशाला?" मी एवढंच म्हणू शकतो, की धरला नसता तर ही नदी मी पाहिली नसती. पाटबंधारे खात्यात मी तिला आकडा म्हणून वाचली असती आणि सही करून पुढे पाठवली असती. पण हे उत्तर ऐन दुपारी, तापलेल्या पाण्यात, फोटोसाठी वळून उभं राहणाऱ्या माणसाला शोभत नाही, हेही मान्य.

हा धडा फक्त हिमालयाचा नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या हॅचरीत कित्येक दशकं महसीरची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली जात आहेत. आपल्याही नद्यांतल्या डोहांत मार्च-एप्रिलमध्ये पाणी आटतं, तापतं आणि मासे वर येऊन तोंड वासतात. त्या दिवशी चौकटीत छापून येतं, धरणात अमुक टक्के. किती अंश, हे छापून येत नाही.

माझ्या बॅगेत आता माश्यांच्या डबीच्या वर थर्मामीटर असतो. काटा नसलेला गळ, ओले केलेले हात, दहा सेकंदांपेक्षा जास्त पाण्याबाहेर नाही, हे सगळं त्याच्यानंतर. काचेचा साधा थर्मामीटर शाळेच्या साहित्याच्या दुकानात दोनतीनशे रुपयांना मिळतो. डोंगरातल्या नदीवर जाणार असाल तर एक विकत घ्या, आणि दोरीला बांधून आधी तो पाण्यात टाका. पारा अठराच्या वर असेल तर रॉड गुंडाळा, काठावर बसा, चहा मागवा. नदी पहाटे पुन्हा गार होते.